शरदाची मुदत

भोपाळच्या वर्षाचे चार महिने पाऊस, चार महिने थंडी आणि चार महिने ऊन असे तीन सरळ वाटे करण्याची रीत आहे. परंतु पावसाने पाठ फिरविल्यापासून पहिली शाल पेटीबाहेर निघेपर्यंतचा जो दीड-दोन महिन्यांचा काळ, तो या वाटणीत कोणाच्याच हिश्श्याला येत नाही, आणि म्हणूनच की काय, पुष्कळ घरांतून तो साफसफाईच्या आणि खरेदीच्या धावपळीत न उपभोगताच खर्ची पडतो. वास्तविक या नगरीला लाभलेल्या ऋतूंमध्ये शरद हाच सर्वांत प्रसन्न होय. सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मोसमी वारा या मुलखातून निघून जातो, मोठ्या तलावाचे पाणी १६६६.८० फुटांच्या पूर्ण खुणेला टेकले की नाही ही वर्तमानपत्रांतली रोजची चौकशी थांबते, श्यामला आणि ईदगाह टेकड्यांवरचे गवत पिवळसर पडू लागते, आणि एखाद्या पहाटे अंगणातल्या दोरीवर राहून गेलेला पंचा दवाने ओला झालेला आढळतो. अधिक मासाच्या योगाने आश्विन कधी सप्टेंबरात तर कधी ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतो. तेव्हा शरद आला की नाही हे ज्याला ठरवावयाचे असेल त्याने तिथीपेक्षा या दवाची साक्ष अधिक विश्वसनीय मानावी.

या ऋतूचा स्वभाव मात्र आधी ओळखून घेतला पाहिजे. ऑक्टोबरात येथे दुपारचा पारा ३२-३३ अंशांवर जातो आणि पहाटे तोच १८-१९ अंशांपर्यंत उतरतो. त्यामुळे जो मनुष्य दुपारी बारा वाजता बागेत कुदळ घेऊन उतरतो आणि रात्री दारे-खिडक्या लावून पंख्याखाली निजतो, त्याच्या वाट्याला शरदातले केवळ ऊन येते आणि चांदणे सर्वस्वी हुकते. दुपार घराला द्यावी, सकाळ बागेला द्यावी आणि रात्र गच्चीला द्यावी, एवढीच वाटणी मी सुचवीन. बाकी सर्व तपशील तिच्या पोटात येतो. आणखी एक अपेक्षा मनातून काढून टाकावी. चित्रांतून आणि चित्रपटांतून पाहिलेली तांबड्या-पिवळ्या पानांची झड येथे या दिवसांत होत नाही. आपल्याकडचे साग आणि पळस पाने टाकतात ते माघ-फाल्गुनात. आपला शरद हा भरल्या पानांचा, तुडुंब तलावाचा आणि स्वच्छ आकाशाचा ऋतू आहे.

येथील मराठी कुटुंबांना तर या ऋतूशी सलगी करण्यास आणखी एक कारण आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी, ऐन दिवाळीच्या दिवसांत, नव्या मध्यप्रदेशाची स्थापना होऊन भोपाळ राजधानी झाले, आणि नागपूरची राजधानी मोडल्यावर तेथील दफ्तरांबरोबर कितीतरी मराठी कारकून, शिक्षक आणि अधिकारी आपापली बिऱ्हाडे घेऊन येथे रुजू झाले. ग्वाल्हेर आणि इंदूरकडून आलेली मंडळी वेगळीच. सरकारी वसाहतींतील बैठ्या घरांपुढे जी हातभर जागा मिळाली तीत तुळस, पारिजातक, जास्वंद आणि शेवंती लावण्याचा शिरस्ता तेव्हापासूनचा आहे. वऱ्हाड-नागपुराकडची काळी माती ज्यांच्या परिचयाची होती त्यांना येथील पठाराची काळी मातीही परकी वाटली नसेल. आज ती बैठी घरे जाऊन सदनिका उभ्या राहत असल्या, तरी गच्चीवर आणि सज्जात चार कुंड्यांची तजवीज होऊ शकते, आणि पुढे सांगितलेले बहुतेक सर्व कुंडीलाही लागू आहे.

प्रथम घराकडे पाहू. चार महिने भिंतींत, गाद्यांत आणि कपाटांत मुरलेली ओल काढण्यास आश्विनातील दुपारच्या उन्हासारखे साधन नाही, आणि ते विनामूल्य आहे. गाद्या, उशा, गोधड्या आणि रजया अकरा ते तीन या वेळात गच्चीवर पसराव्यात, मध्ये एकदा उलटाव्यात, आणि ऊन उतरण्यापूर्वीच आत आणाव्यात. संध्याकाळचे दव बसू दिले तर दिवसाची मेहनत वाया जाते. पैठणी, शालू आणि लोकरी कपडे यांना मात्र प्रत्यक्ष उन्हात टाकू नये. त्यांना सावलीतला वारा द्यावा, घड्या बदलून घालाव्यात, आणि कडुनिंबाची सावलीत वाळविलेली पाने मलमलीच्या पुरचुंडीत बांधून पेटीच्या कोपऱ्यात ठेवावीत. डांबरगोळ्या वापरावयाच्याच असतील तर त्यांचा जरीला स्पर्श होऊ देऊ नये, कारण त्याने जर काळवंडते. पुस्तकांना कसर लागते ती याच ओलीमुळे. ती सकाळच्या कोवळ्या उन्हात तास-दोन तास पाने थोडी विलग करून उभी ठेवावीत आणि फडताळ कोरड्या फडक्याने पुसून मगच जागेवर लावावीत. ज्या घरांत चैत्र-वैशाखात सीहोरकडचा शरबती गहू वर्षभरासाठी भरून ठेवण्याची चाल अद्याप आहे, त्यांनी कणग्यांची झाकणे आताच उघडावीत. गव्हाला दोन दिवस ऊन द्यावे. परंतु तापलेला दाणा तसाच भरू नये, रात्रभर सावलीत निववावा, कारण गरम धान्य बंद डब्यात घाम सोडते आणि किडीला आयतेच आमंत्रण मिळते.

यानंतर कूलर. भोपाळात कूलर नाही असे घर विरळा, आणि उन्हाळ्यात त्याचे जेवढे कौतुक होते तेवढीच पावसाळ्यानंतर त्याची उपेक्षा होते. डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून उडता डास होण्यास त्याला साधारण आठवडा ते दहा दिवस पुरतात. आणि याहून ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी की त्याची अंडी पाण्याच्या रेषेलगत टाकीच्या अंगाला चिकटून राहतात व पाणी आटल्यावरही महिनोन् महिने जिवंत राहून पुन्हा पाणी लागताच फुटतात. म्हणून कूलरमधील पाणी ओतून देणे पुरेसे नाही. टाकीच्या चारही भिंती काथ्याच्या ब्रशाने खरवडून धुवाव्यात, उन्हात कोरड्या कराव्यात, वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या काढून वाळवाव्यात आणि मगच तो झाकून ठेवावा. कुंड्यांखालच्या बशा, पक्ष्यांसाठी ठेवलेले पाण्याचे पसरट भांडे, गच्चीवरचे जुने टायर आणि डबे यांचाही आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, असाच निकाल लावावा. चांदण्यात बसावयाचे असेल तर ही तरतूद आधी झाली पाहिजे.

बागेत उतरण्याची घाई मात्र करू नये, आणि या लेखात मला सर्वांत आग्रहाने सांगावयाचे ते हेच. पाऊस थांबला की दुसऱ्या दिवशी वाफे खणावयास घेण्याचा मोह प्रत्येकाला होतो. परंतु काळी माती ओली असताना खणली तर तिची ढेकळे पडतात, ती उन्हाने विटेसारखी कठीण होतात आणि मग त्या हंगामात ती फुटत नाहीत. उलट फार दिवस थांबले तर जमीन भेगाळते आणि कुदळ टणकन उडते. या दोहोंमधली जी अवस्था, जिला आपला शेतकरी वाफसा म्हणतो, ती येथे चार-सहा दिवसच टिकते, आणि ती ओळखण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. वीतभर खोलीची मूठभर माती घ्यावी, मुठीत दाबून तिचा गोळा करावा आणि कमरेइतक्या उंचीवरून तो जमिनीवर सोडावा. गोळा चपटा होऊन तसाच बसला तर अजून थांबावे. पडताच त्याच्या रवाळ कण्या झाल्या तर वाफसा आला. आणि गोळा मुठीतच होत नसेल तर वेळ टळली आहे असे समजून वाफ्याला हलके पाणी देऊन दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाहावे. खुरप्याच्या पात्यावर माती चिकटून चकचकीत पट्टा उमटतो तोवर ते हातात धरू नये. वाफसा साधून खणलेल्या मातीत कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि मूठ-मूठ निंबोळी पेंड मिसळावी, आणि वाफे सपाट न करता गादीसारखे वीतभर उंच करावेत, म्हणजे एखादी कार्तिकातली अवकाळी सर आली तरी मुळांशी पाणी तुंबत नाही. कुंडीसाठी काळी माती निम्म्याहून अधिक घेऊ नये. उरलेल्या भागात खत आणि नदीची जाड वाळू घालावी.

वाफसा येईपर्यंतचे दिवस रिकामे जात नाहीत. पावसाळ्यात माजलेले गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी हातमोजे घालून मुळासकट उपटावे; त्याचा स्पर्श त्वचेला आणि पराग श्वासाला बाधतो, आणि एकदा बी पडले की पुढील वर्षाची तक्रार आताच दाखल झाली असे समजावे. जुन्या बियांची परीक्षाही याच दिवसांत करून घ्यावी. नवरात्रात घटाभोवतीच्या मातीत जी धान्ये आपण पेरतो त्यांची उगवण पाहून रब्बीच्या बियाण्याचा अंदाज घेता येतो. तीच रीत भाजीच्या बियांना लावावी. दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावेत. सातांपेक्षा कमी अंकुरले तर दाट पेरावे, तीन-चारच अंकुरले तर नवे बी आणावे.

पेरण्यासारखे पुष्कळ आहे. मेथी चार-पाच दिवसांत उगवते आणि महिन्याभरात खुडणीस येते, म्हणून मुलांच्या हाताने प्रथम तीच पेरवावी. धणे चपलेखाली हलके रगडून दोन फाळ्या करून पेरावेत. ते आठ-दहा दिवस दिसत नाहीत, आणि या अवधीत वाफा पुन्हा उकरून पाहण्याचा अधीरपणा टाळावा. पालक, मुळा, वाटाणा आणि लसणाच्या पाकळ्या याच पंधरवड्यात जमिनीत जाव्यात. कोबी आणि फ्लॉवर यांची रोपेच आणलेली बरी. फुलझाडांत फ्लॉक्स, पिटुनिया, डायंथस, कॅलेंडुला, नॅस्टर्शियम आणि हॉलीहॉक यांचे बी ऑक्टोबरात टाकले तर थंडीत बाग भरून येते. पिटुनियाचे बी धुळीइतके बारीक असते. ते चिमूटभर वाळूत कालवून ओल्या मातीच्या पृष्ठभागावर नुसते भुरभुरावे, वर माती लोटू नये, आणि झारीऐवजी कुंडी पाण्याच्या परातीत ठेवून खालून पाणी प्यावयास लावावी. दसऱ्याच्या तोरणातील गावठी झेंडू वाळल्यावर फेकून देऊ नये; त्याच्या पाकळ्यांच्या बुडाशी असलेले काळे लांबट बी कागदात बांधून ठेवले तर पुढील आषाढात तेच पेरता येते.

शेवंती हे या ऋतूचे खरे भूषण, आणि रोपवाटिकेत ती गुलदाऊदी या नावाने मागावी. ऑक्टोबरच्या मध्यावर तिच्या शेंड्यांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या कळ्या दिसू लागतात. मोठ्या फुलाची जात असेल तर प्रत्येक फांदीवर मधली एकच कळी राखून बाजूच्या कळ्या अंगठ्याच्या नखाने अलगद खुडाव्यात, दोन-चार दिवसांनी पुन्हा येतील त्याही खुडाव्यात, आणि फांदीला बांबूच्या काडीचा आधार द्यावा. बारीक फुलांच्या जातीला मात्र हात लावू नये. ही वनस्पती रात्र लांबत चालली हे ओळखून फुलते, म्हणून तिच्या कुंड्या रस्त्याच्या दिव्याखाली किंवा रात्रभर जळणाऱ्या पडवीच्या दिव्यासमोर असतील तर कळ्या रेंगाळतात. पुष्कळांची शेवंती का फुलत नाही याचे उत्तर खतात नसून त्या दिव्यात असते. शेंड्यांवर काळा मावा दिसताच साबणाच्या पातळ पाण्याचा फवारा पानांच्या पाठीमागूनही मारावा.

गुलाबाची छाटणी दवाचे दिवस स्थिरावल्यावर, ऑक्टोबरच्या मध्याच्या सुमारास करावी. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि सुतळीएवढ्या बारीक काड्या मुळापासून काढाव्यात, उरलेल्या सशक्त फांद्या गुडघ्याएवढ्या उंचीवर, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर, तिरक्या कापाव्यात. येथून ४५ ते ५० दिवसांनी पहिला बहर येतो. जानेवारीत लिंक रोडवरच्या शासकीय गुलाब उद्यानात भरणारे प्रदर्शन पाहून ज्यांना आपल्या गुलाबांविषयी खेद वाटतो, त्यांनी त्या फुलांची तयारी आश्विनातच झालेली असते हे विसरू नये. वेलगुलाबाची आणि गावठी गुलाबाची छाटणी नाममात्र पुरे.

पारिजातकाविषयी एकच सूचना. त्याची फुले पहाटेपूर्वीच गळतात आणि मातीला लागून मळतात; यासाठी रात्री निजण्यापूर्वी झाडाखाली एखादे जुने, धुतलेले लुगडे पसरून ठेवावे, म्हणजे सकाळी चारी पदर उचलताच पूजेची फुले हाती येतात. त्यांचे केशरी देठ वाळवून साठविले आणि पाण्यात उकळले तर त्यांत पांढरा रेशमी रुमाल फिकट केशरी रंगतो. सुट्टीत मुलांना गुंतवून ठेवणारा याहून चांगला उद्योग मला ठाऊक नाही. सप्तपर्णी मात्र खिडकीलगत लावू नये. नव्या वसाहतींच्या रस्त्यांवर तो ऑक्टोबरात फुलतो आणि त्याचा उग्र दर्प संध्याकाळी दाटतो; दुरून तो सुखवितो, शयनगृहात डोके उठवितो.

दसऱ्याच्या सोन्याबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. आपट्याच्या नावाने बाजारात ज्या डहाळ्या येतात त्यांत कांचनाच्या पुष्कळ असतात. आपट्याचे पान लहान, जाड, चरबरीत आणि लांबीपेक्षा रुंदीला अधिक असते. कांचनाचे मोठे व पातळ. पण खरी खंत ओळख चुकण्याची नाही, दर दसऱ्याला ओरबाडल्या जाणाऱ्या झाडांची आहे. एका कुटुंबाने एकमेकांस एकेक पान दिले तरी सोने लुटले जाते. ज्यांच्या वसाहतीत मोकळी जागा आहे त्यांनी येत्या पावसाळ्यासाठी आपट्याचे एक रोप आताच सांगून ठेवावे.

शरदात आहाराचेही पथ्य आहे. या ऋतूत पित्ताचा प्रकोप होतो असे आयुर्वेद मानतो, आणि चरकसंहितेने दही, तेलकट पदार्थ, भर ऊन, दिवसाची झोप आणि दव ही वर्ज्य सांगून तांदूळ, जव, गहू आणि कडू रसाचे तूप ही पथ्यकर म्हटली आहेत. सुदैवाने बाजारही याच दिवसांत अनुकूल असतो. तळ्यांतला ताजा हिरवा शिंगाडा हातगाडीवर येतो, तो साल न काढता मिठाच्या पाण्यात उकडून खावा. सीताफळ घेताना डोळे उघडलेले, म्हणजे खवल्यांमधल्या भेगा रुंदावून पिवळट झालेले, पाहून घ्यावे. डोळे मिटलेले फळ गव्हात दोन-तीन दिवस पुरून ठेवले की पिकते.

कोजागरीची रात्र गच्चीवर घालवावी, आणि त्यासाठी वीज जाण्याची वाट न पाहता दिवे आपल्या हातांनी मालवावेत. दोन लिटर दूध मंद आचेवर दीड लिटर होईपर्यंत आटवावे, तळाला लागू देऊ नये, साखर शेवटी घालावी. केशर कोमट दुधात आधी भिजवावे, वेलदोडा हवा तितका, जायफळ मात्र किसणीवर दोनदाच फिरवावे, आणि चारोळी सढळ हाताने घालावी, कारण ती याच राज्याच्या जंगलांची देणगी आहे. घरातील ज्येष्ठ अपत्याला ओवाळण्याचा रिवाज सोडू नये. शेजारचे हिंदीभाषक कुटुंब त्याच रात्री चांदण्यात खीर ठेवते. आपल्या दुधाचा एक पेला तिकडे गेला आणि तिकडची वाटीभर खीर आपल्याकडे आली तर पौर्णिमा दोन्ही घरांत साजरी होते. मध्यरात्रीनंतर दव पडू लागते, तेव्हा वृद्धांनी आणि लहानांनी डोके झाकून बसावे.

ज्यांना पहाटे उठणे जमते त्यांनी ऑक्टोबरच्या मध्यावर पाचच्या सुमारास दक्षिणेकडे पाहावे. तेजस्वी व्याधाच्या बरेच खाली, क्षितिजापासून जेमतेम १४ अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीच्या सुमारे दीडपट उंचीवर, अगस्त्य दिसतो. त्याच्या उदयाने पावसाळ्याचे गढूळ पाणी निर्मळ होते अशी आपल्या पूर्वजांची धारणा होती, आणि दिवसा सूर्याने तापलेल्या व रात्री चंद्राने निवविलेल्या पाण्याला त्यांनी हंसोदक म्हटले. ते करून पाहावयाचे असल्यास उकळून गाळलेलेच पाणी घ्यावे आणि भांड्यावर पातळ फडके बांधावे. याच सुमारास अंगणात शेपटी खालीवर हलवीत धावणारा पांढरा धोबी पक्षी उत्तरेकडून येऊन दाखल होतो; हिरवळीचा एखादा कोपरा न फवारता मोकळा ठेवला तर तो महिनोन् महिने मुक्काम करतो. तलावावरची बदके मात्र नोव्हेंबर लागल्याशिवाय फारशी जमत नाहीत, म्हणून तिकडची सकाळची फेरी दिवाळीनंतरच योजावी.

दिवाळीच्या किल्ल्यासाठी बागेतली काळी माती चाळून घ्यावी, तीत थोडी वाळू मिसळावी म्हणजे तट वाळल्यावर तडकत नाहीत, आणि नरकचतुर्दशीच्या चार दिवस आधी उतारांवर अळीव किंवा मोहरी पेरून ओल्या पोत्याने झाकावी.

कार्तिकी एकादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुळशीचे लग्न लागते, तोवर तुळस डवरलेली राहावी असे वाटत असेल तर आश्विनभर तिच्या मंजिऱ्या खुडत राहाव्यात, आणि लग्नापूर्वी पंधरा दिवस खुडणे थांबवावे. ऊस, आवळा, चिंच आणि बोरे आणून लग्न लागले की पिकलेल्या चार-सहा मंजिऱ्या सावलीत वाळवून बी जपून ठेवावे, कारण भोपाळची डिसेंबरची थंडी तुळशीला सोसत नाही. पारा १० अंशांकडे झुकू लागताच कुंडी सज्जाखाली घ्यावी, वृंदावन पक्के असेल तर रात्री वरून विरळ कापड घालून सकाळी काढावे, पाणी उन्हे वर आल्यावर आणि एक दिवसाआड द्यावे. इतके करूनही झाड वठले, तर राखून ठेवलेले बी ज्येष्ठात पेरावे.